आधी संहिता दाखवा!

महाराष्ट्रात पुस्तक छापायला सरकारची परवानगी लागत नाही. नाटक करायचं तर मात्र संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवावी लागते. हे मंडळ बंद करा. का, ते समजायला १९७२ हे एकच वर्ष पुरेसं आहे.

त्या वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला. मुंबईतल्या गोलपिठा या वेश्यावस्तीत बोलतात ती भाषा सरळ कवितेत उतरली. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. छापण्याआधी कुणाला विचारावं लागलं नाही. त्याच वर्षी तेंडुलकरांचंच 'सखाराम बाइंडर' कमलाकर सारंगांनी रंगमंचावर आणलं, तर मंडळाने ३२ ठिकाणी काटछाट मागितली! सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. पण प्रत्येक नाटकवाल्याकडे कोर्टात झुंजायला पैसा आणि दम कुठून असणार?

सखाराम छापखान्यात बाइंडिंग करणारा, दारू पिणारा, टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा. शिवी गाळली म्हणून तो सभ्य होत नाही, खोटा होतो. त्याचं बोलणं कानांवर आदळतं तेव्हाच त्याने आणलेली लक्ष्मी त्या घरात कशी राहत असेल, हे प्रेक्षकाला कळतं. काटछाट होते तेव्हा आधी तिचं दुःख झाकलं जातं.

शिवाय बोली मंडळाला जुमानतेच कुठे? 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात दादा कोंडके प्रयोगागणिक नवी वाक्यं टाकत. तमाशातली बतावणी तर उभ्या उभ्याच घडते. तिची संहिता कुठून आणून दाखवायची? आणि शब्द सोवळे असले तरी लोकांना कळायचं ते कळतंच. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त एकही शिवी नव्हती, व्हाइसरॉय कर्झनचं नावही नव्हतं. तरी कीचक कोण, हे पिटातल्या माणसालाही ठाऊक होतं. शेवटी १९१० मध्ये इंग्रजांना अख्खं नाटकच बंद करावं लागलं. ज्या १८७६च्या कायद्याखाली ती बंदी आली, तो कायदाही आता रद्द झाला आहे.

प्रेक्षकांत मुलंही बसलेली असतात, असं कुणी म्हणेल. मग जाहिरातीत आणि तिकिटावर 'फक्त प्रौढांसाठी' असं ठळक छापा. गुन्हा घडलाच तर खटला भरायला कायदे आहेत. प्रयोगाआधीच वाक्यावर लाल रेघ मारायचा हक्क त्यासाठी कशाला हवा?

ही पूर्वतपासणी पोलीस कायद्याच्या आधाराने केलेल्या नियमांवर उभी आहे. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये तिला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. सरकारने न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहत बसू नये. हे नियम सरकारी यंत्रणेनेच केले आहेत, ते सरकारनेच मागे घ्यावेत.