मेहुणा कुठल्या रकान्यात?

सरकारी नेमणुकीचा अर्ज कधी भरलाय? वडिलांचं नाव, जात, पिनकोड, अंगावरची ओळखखूण. गालावरचा तीळ सरकारला हवा असतो. ज्या खात्याच्या समितीवर निघालात, त्याच खात्याचे ठेके घरात किती, हे सहसा कोणी विचारत नाही.

तीळ महत्त्वाचा.

सुरतेचंच पाहा. तिथली महापालिका चालते ती १९४९च्या, मूळच्या मुंबई प्रांतिक महापालिका कायद्यावर. पुणं, ठाणं त्याच पाळण्यातलं. त्याचं कलम १० म्हणतं, पालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदाराचा, थेट वा आडून, वाटा असेल तर नगरसेवकपद विसरा. कडक आहे ना? पुन्हा वाचा. भागीदार सापडला. मेहुणा, साडू, जावई नावानिशी कुठे सापडले का? ते 'आडून'मध्ये बसतात की नाही, हे कोर्ट ठरवणार. तोवर पाच वर्षं संपतात.

याच कलमात एक सूट आहे. पालिकेच्या जाहिराती छापणाऱ्या वर्तमानपत्रात वाटा असला तर चालतो! आमच्या धंद्यावर कायद्याचा केवढा हा विश्वास. (हा परिच्छेद संपादकांनी ठेवला, तर वाचा.)

आता सुरतेच्याच रिंग रोडच्या कापड बाजारात या. साड्यांची का असेना, कंपनी असली की दरवर्षीच्या पहिल्या बैठकीत संचालकांनी आपले हितसंबंध लिहून द्यायचे. नमुना एमबीपी-१. सेक्रेटरी कागद सरकवतो, शेठ सॅम्पलवरची नजर न काढता सही ठोकतात. चहाही निवत नाही. याच शेठना एखाद्या सरकारी समितीवर बसवा आणि हेच विचारा. ‘घरचीच माणसं आहेत भाई, लपवायचं काय?’

तेच तर विचारतोय.

आपल्याकडे काय वेगळं? जानेवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने 'सगेसोयरे' म्हणजे कोण, हे सांगणारा अधिसूचनेचा मसुदा काढला. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांच्या नोंदी निघतात. टेंडर उघडलं की सख्खा मेहुणाही त्रयस्थ!

लोकसभेचं शपथपत्र त्यातल्या त्यात चौकस. उमेदवार, पत्नी, अवलंबून असलेले, सगळ्यांची सरकारी कंत्राटं विचारतं. पण मेहुणा कधी कोणावर अवलंबून असतो का? बरेचदा उलटच.

आणि सुरतेची लोकसभा म्हटली की २०२४ आठवणारच. काँग्रेसचे नीलेश कुंभाणी यांनी सूचक म्हणून घेतले कोण? मेहुणा, भाचा आणि धंद्यातला भागीदार. हितसंबंधांची अख्खी यादीच. तिघं म्हणाले, सह्या आमच्या नाहीत. २१ एप्रिलला अर्ज बाद. उरलेल्यांनी माघार घेतली, २२ला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध. ७ मेचं मतदान राहिलंच. बोटाला शाई न लागता सुरतेला खासदार मिळाला.

अर्जात नात्याचाही रकाना असता, तर त्या दिवशी नातं तरी कबूल झालं असतं का?