पांढरी का पिवळी?

पुण्याहून आलेल्या भाच्याने नांदेडच्या एका परमिट रूममध्ये मार्गारिटा मागवली. वेटरने शांतपणे विचारलं, "साहेब, टकिला पांढरी का पिवळी?" भाचा गालात हसला. पण प्रश्न नेमका होता.

पांढरी म्हणजे ब्लांको, फार न मुरवता बाटलीत गेलेली. लाकडी पिपात दोन महिने ते वर्षभर मुरली की रेपोसादो, वर्ष उलटलं की आन्येहो. मार्गारिटात आन्येहो ओतणं म्हणजे बासुंदीत लिंबू पिळणं. आणि 'गोल्ड' नावाची पिवळी बहुतेकदा मुरलेली नसतेच. नुसती हळद लावून बोहल्यावर उभी केलेली असते. मेक्सिकोचा कायदाही मोठा दयाळू : ५१ टक्के साखर निळ्या अगेव्ह या वनस्पतीची असली तरी टकिला म्हणता येतं. उरलेली उसाची चालते. म्हणजे ऊस पिकवणाऱ्या शेजारच्या लातूरकराला अगदी घरचीच!

अगेव्हही परका नाही. त्याच कुळातलं घायपात आपल्या बांधांवर उभं आहे. आपण त्याचे दोर वळले, मेक्सिकोवाल्यांनी बाटल्या भरल्या.

राहिला बर्फ. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली होती. अशा मुलखात "बर्फ जास्त टाक रे" म्हणताना जीभ जरा अडखळावी.

तेव्हा घ्यायचीच तर '१०० टक्के अगेव्ह' लिहिलेली पांढरी घ्या, लिंबू कागदी घ्या. आणि वेटरला हसू नका, त्याने बरोबर विचारलं होतं.