गल्ला भरला, आता बाहुलीही द्या

गोल्डन ग्लोबवाल्यांनी 2024 साली पहिल्यांदा एक नवं पारितोषिक दिलं. गल्ल्यावरच्या कामगिरीचं! पात्रता काय, तर सिनेमाने किमान 15 कोटी डॉलर कमावलेले हवेत, आणि त्यातले 10 कोटी अमेरिकेतलेच; नाहीतर स्ट्रीमिंगवर त्या तोलाचे प्रेक्षक. म्हणजे आधी पासबुक दाखवा, कलेचं मग बघू. पहिल्याच वर्षी आठ नामांकनं झाली. त्यांत टेलर स्विफ्टच्या गाण्यांच्या कार्यक्रमाचं चित्रीकरणसुद्धा होतं. जिंकली ‘बार्बी’. जगभरातली तिची कमाई 140 कोटी डॉलरच्या वर, म्हणजे 2023 सालची सगळ्यात मोठी. लिफाफा उघडेपर्यंत परीक्षकांच्या जिवाची केवढी घालमेल झाली असेल!

ऑस्करलाही 2018च्या ऑगस्टमध्ये ‘लोकप्रिय चित्रपट’ असा वेगळा विभाग काढायची हुक्की आली होती. इतका गदारोळ झाला की महिन्याभरात सगळं बासनात गेलं.

तर, लोकप्रिय सिनेमाचा सत्कार लोक तिकीट काढून करतातच. ‘सैराट’च्या वेळी थिएटरात पडद्यासमोर येऊन नाचणाऱ्या पब्लिकने कुठल्या परीक्षकांचा सल्ला घेतला होता? ‘कोर्ट’चं तसं नव्हतं. 2015च्या मार्चमध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ जाहीर झालं, तेव्हा तो थिएटरात लागलासुद्धा नव्हता. त्या एका बातमीने त्याचं नाव घरोघरी गेलं. परीक्षक बसवायचे ते अशा सिनेमांसाठी. गल्ला मोजायला हिशेबनीस पुरतो, आणि त्याला सूट-बूट घालून लाल गालिच्यावरून चालवत आणावं लागत नाही.