फेकणाऱ्याची चूक

निवृत्त माणसाने काहीतरी लावून घ्यावं, असं डॉक्टर लोक सांगतात. आमच्या नाशिकच्या कॉलनीत त्यानुसार कुणी पेटी लावून घेतली, कुणी योगासनं, कुणी सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालणं. समोरच्या बंगल्यातल्या अण्णांनी मिग-२१ लावून घेतलं आहे. फोमचं. रिमोटवर उडणारं. म्हणजे अण्णांच्या मते उडणारं.

अण्णा ओझरचे. एचएएलचा कारखाना तिथे १९६४ मध्ये उभा राहिला तोच मुळी मिग बनवायला. त्यानंतर दहा वर्षांनी अण्णा तिथे लागले आणि रिटायर होईपर्यंत एअरफ्रेमवर रिव्हेट मारत राहिले. मिग-२१च्या निरनिराळ्या आवृत्त्यांना वायुदलाने दिलेले नंबर त्यांच्या तोंडात असे बसलेत की, ‘सत्त्याहत्तर अंगाने हलकं, शहाण्णव जरा जड, पण पंचाहत्तरचा जोर काही औरच!’ हे बागेतल्या बाकावर ऐकणाऱ्या नवख्याला ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभासदांची चौकशी चालली आहे असं वाटतं.

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ वायुदलातून निवृत्त झालं. अण्णांनी तो सोहळा टीव्हीवर इस्त्रीचा शर्ट घालून पाहिला. शेवटी निवेदिका ‘उडती शवपेटी’ म्हणाली आणि अण्णांनी टीव्ही बंद केला. त्यात काकूंची मालिका गेली ती गेलीच. त्या रात्री अण्णांनी माळ्यावरून थर्माकोल काढलं.

अण्णांचा सिद्धांत कॉलनीतल्या भाजीवाल्यालासुद्धा पाठ आहे. १९६३ पासून बासष्ट वर्षं जे विमान चाललं ते वाईट कसं? अपघातांत चूक विमानाची नव्हतीच. किरणसारख्या गरीब विमानावर शिकलेल्या पोरांना एकदम मिगवर बसवायचे, ते ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेगाने उतरणारं. मधल्या पायरीचं ट्रेनर विमानच नव्हतं. ‘हॉक आलं २००८ला! तोवर पोरांनी करायचं काय?’ इथे अण्णांचा आवाज खरोखर चढतो, आणि ऐकणाराही गप्प होतो, कारण बोलणं खोटं नाही.

हे सगळं सांगणाऱ्या अण्णांनी स्वतः आयुष्यात संक्रांतीच्या पतंगापलीकडे काही उडवलेलं नाही. पहिलं मॉडेल कोणतं करणार, असं नातवाने विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘कोणतं म्हणजे? मिग.’

नातू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याने सनबोर्डाचा एक चौकोनी पंख, एक काठी आणि बाराशे रुपयांची मोटर एवढ्यावर विमान केलंय. ते कसंही फेका, उडतं. सोडून दिलं तर आपलं आपण सरळ होतं. ‘आजोबा, आधी यावर हात बसवा,’ असं तो म्हणाला. अण्णांनी ते विमान उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, ‘हे विमान नाही. हे उडणारं पुठ्ठं आहे.’

मिगचे पंख ७.१५ मीटर. अण्णांनी एकास दहा प्रमाण धरलं, म्हणजे साडेएकाहत्तर सेंटिमीटर. नकाशा काढण्यातच दिवाळी गेली. पंखांना पाच मिलिमीटरची पांढरी फोमशीट, धडाला थर्माकोल. थर्माकोलची अडचण नव्हती. २०१८ला राज्यात थर्माकोलची मखरं बंद झाल्यापासून कॉलनीतल्या प्रत्येक माळ्यावर एकेक देऊळ पडून होतं. अण्णांनी ती सगळी गोळा केली. आमच्या मखराचे दोन खांब आज मिगच्या शेपटाकडच्या भागात आहेत. कापायला बांबूच्या धनुष्यावर जुन्या शेगडीची नायक्रोम तार ताणली, तिला बंद पडलेल्या लॅपटॉपच्या अ‍ॅडॉप्टरचा करंट दिला. तार तापली की थर्माकोल लोण्यासारखं कापलं जातं, मात्र वास असा सुटतो की काकू मैत्रिणीकडे निघून जातात.

ओझरला बनवणारा आणि तपासणारा एकच माणूस चालत नसे. घरी माणसं कमी. म्हणून अण्णा बनवताना जवळचा चष्मा लावतात आणि तपासताना तो काढून दुसरा लावतात. दुसऱ्या चष्म्यातले अण्णा पहिल्याला अजिबात सांभाळून घेत नाहीत. डावा पंख एक मिलिमीटरने खाली दिसला तेव्हा त्यांनी जॉब कार्डावर लाल शाईने ‘रिजेक्ट’ लिहिलं, सही केली, चष्मा बदलला आणि ते वाचून दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

रिव्हेटांचं काम मी समोर बसून पाहिलंय. इंजेक्शनची सुई घासून बोथट केलेली. काकूंच्या शिवणयंत्रात दोरा न ओवता कागदाची पट्टी चालवायची, म्हणजे सारख्या अंतरावर भोकांची रांग मिळते. ती पट्टी पंखावर ठेवायची, एकेका भोकावर सुई टेकवायची आणि बोटांत अर्धा वेढा फिरवायची. फोमवर दीड मिलिमीटरचं गोल उमटतं. मग पुढचं. जीभ ओठांच्या कोपऱ्यात, श्वास धरलेला. दाब जास्त झाला तर सुई आरपार जाते, कमी झाला तर रंगाखाली गोल बुजतं. एका पंखाच्या वरच्या अंगाला चार संध्याकाळी लागल्या. मी म्हटलं, अण्णा, हे वर गेल्यावर दिसणार कुणाला? त्यांनी जवळचा चष्मा नाकावर घसरवून माझ्याकडे पाहिलं. ‘ओझरलासुद्धा वर गेल्यावर दिसत नव्हते,’ ते म्हणाले.

खालच्या अंगालाही रिव्हेट आहेत.

वजन हे अण्णांचं दुसरं दुखणं. संपूर्ण विमान साडेसहाशे ग्रॅमच्या आत बसवायचं ठरलं होतं. काकूंचा केकचा डिजिटल काटा त्यासाठी कायमचा वर्कशॉपात गेला, आणि काकू तेव्हापासून मैदा अंदाजाने घेतात. झटकन चिकटणारा गोंद फोम खातो म्हणून ग्ल्यूगन. ग्ल्यूगनच्या एकेका ठिपक्याचं वजन. नऊ ग्रॅमच्या सर्व्होचे, म्हणजे शेपूट हलवणाऱ्या इवल्या मोटरचे, स्टिकर काढून टाकले, कारण स्टिकरलाही वजन असतं. सर्व्होपासून शेपटापर्यंत जाणारी तार छत्रीच्या काडीची, तीही कानशीने घासून बारीक केलेली. हे सगळं करणाऱ्या अण्णांचं स्वतःचं वजन ब्याण्णव किलो असून त्याबाबत डॉक्टरांनी केलेल्या सूचनांवर त्यांनी अद्याप कारवाई केलेली नाही.

रंगाने घात केला. नातवाने दुकानातून स्प्रेचा डबा आणला, अगदी वायुदलाचा करडा. अण्णांनी शेपटाच्या पंखावर फवारा मारला आणि पंख त्यांच्या डोळ्यांदेखत आक्रसत गेला. स्प्रेतला थिनर थर्माकोलच्या जातीचा प्रत्येक फोम विरघळवतो, हे त्यांना माहीत होतं. ‘मला माहीत होतं,’ ते नातवाला म्हणाले, ‘तू डबा आणलास कशाला?’ नवा पंख झाला, पाण्यात कालवलेला पोस्टर कलर लागला. चौकशीची ही पद्धत पुढे कुठवर जाणार याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

मिग जेट आहे. त्याच्या नाकावर पंखा लावणं अण्णांना रणगाड्याला बैल जुंपण्यासारखं वाटतं. मग पोटात बसणारा ईडीएफ आला. नळीत बंद असलेला हा पंखा नाकाने हवा ओढतो आणि शेपटाने फेकतो. पण मिगचं नाक म्हणजे एक गोल भोक, त्यातही मध्ये तो सुळका. तिथून पंख्याचं पोट भरत नाही. मॉडेलवाले अशा वेळी पोटाखाली जादा भोक पाडतात. त्याला ते चीटर होल म्हणतात. अण्णांनी हा उपाय ऐकला, दोन आठवडे टाळला, नाकातला सुळका रात्री बारीक केला, सकाळी लाज वाटून पुन्हा जाड केला. अखेर भोक पडलं. त्यावर दार बसवलंय. शोकेसमध्ये ठेवताना ते बंद असतं.

हा पंखा चाळीस अँपिअर मागतो, बॅटरी २२०० मिलिअँपिअर-अवरची. हिशोबाने ती तीनेक मिनिटं पुरते. अण्णांच्या विमानाने आजवर त्यातली दोन मिनिटं पन्नास सेकंद दरवेळी शिल्लक ठेवली आहेत.

पंखा मागे बसल्याने नाक हलकं पडलं. तोल पंखांखाली दोन बोटं धरून पाहतात. विमान शेपटावर बसलं की नाकात वजन घालायचं. शिसं मिळेना, म्हणून अण्णांनी दहाची नाणी चिकटवली. पावणेआठ ग्रॅमला एक. आता विमान पडलं की शेतातली पोरं आधी नाक शोधतात.

उडवायचं कुठे, हा वेगळाच खेळ. नाशिकमध्ये आभाळ भरपूर, पण सगळं कुणाचं तरी. ओझरला विमानतळ, देवळालीला तोफखाना, नाशिकरोडच्या गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टरं. इतक्या ठिकाणी खरी विमानं उडतात की खोट्याला जागा नाही. शेवटी दिंडोरीच्या बाजूला एका ओळखीच्या बागाईतदाराचं पडीक रान मिळालं. तिन्ही बाजूंनी द्राक्षबाग.

विमानाला चाकं नाहीत, वजन वाचवलंय. ते हाताने फेकावं लागतं. रिमोट अण्णांकडे, म्हणून फेकणारा मी. त्यासाठी अण्णांनी माझ्या शर्टाच्या बाहीवर कोनमापकाने पंधरा अंशाची रेघ मारून दिली. ‘फेकायचं. ढकलायचं नाही. आणि मनगट मोडायचं नाही.’ नातवाने पुन्हा एकदा पुठ्ठ्याची आठवण केली. अण्णांनी ऐकलं नाही.

जानेवारीची सकाळ, वारा पडलेला. पंख्याने किंकाळी फोडली. मी फेकलं. आणि खरं सांगतो, विमान गेलं. सरळ, नाक किंचित वर, करडं, त्रिकोणी, अगदी खरं. अण्णांच्या तोंडून कसलासा रशियन शब्द आला. मिगच्या शेपटाचा अख्खा पंख हलतो, म्हणून अण्णांनी मॉडेललाही तसाच केला होता, आणि तो हवा तेवढा हलवायचा नसतो, एवढीच गोष्ट शिकायची उरली होती. विमान उभं राहिलं, क्षणभर विचारात पडलं, डावा खांदा टाकला आणि बागेत गेलं.

बागाईतदार मंडपाखालून आला. एका हातात शेपूट, दुसऱ्या हातात घड. ‘अण्णा, माल भरलाय हो,’ एवढंच तो म्हणाला. अण्णांनी दोन पेट्या द्राक्षं विकत घेतली. हा तोवर रिवाजच झाला होता. काकूंनी यंदा गच्चीवर मनुका वाळवल्या आणि विमान परवडत नाही असं पहिल्यांदाच म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर प्रत्येक तुकडा मूळ जागी मांडलेला, मध्ये नाणी. एवढे खुललेले अण्णा मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. विमान पूर्ण झालं त्या दिवशीसुद्धा ते इतके खूश नव्हते. साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं, आरोपी म्हणूनही.

‘तू फेकलंस की ढकललंस?’

‘फेकलं.’

‘मनगट?’

‘सरळ होतं.’

नातवाने मोबाईल पुढे केला. त्यात अण्णांचा अंगठा स्पष्ट दिसत होता: विमान हातातून सुटताच रिमोटची कांडी पोटाशी ओढलेली, शेवटपर्यंत तशीच. अण्णांनी व्हिडिओ जवळच्या चष्म्याने पाहिला. मग दुसऱ्या चष्म्याने पाहिला. मला क्षणभर आशा वाटली, कारण दुसऱ्या चष्म्यातले अण्णा कुणाला सोडत नाहीत.

‘कोन बघ,’ ते म्हणाले. ‘अठरा अंश. बाहीवर पंधराची रेघ आहे.’

अहवाल सुवाच्य अक्षरात आहे: एअरफ्रेम निर्दोष, रिव्हेटिंग समाधानकारक, फेकणाऱ्याची चूक. सदर फेकणाऱ्यास मधल्या पायरीच्या विमानावर प्रशिक्षण द्यावे. खाली तीन सह्या, त्यांतल्या दोन अण्णांच्या.

त्यामुळे हल्ली दर रविवारी मी दिंडोरीच्या रानात नातवाचं पुठ्ठं फेकतो. ते मी कसंही फेकलं तरी उडतं. नातू आरामात घिरट्या घालतो, बागाईतदार चहा पाठवतो आणि अण्णा घडीच्या खुर्चीत बसून माझ्या बाहीकडे पाहत कार्डावर लाल शाईने काहीतरी लिहितात. मिगचा नवा पंख तयार आहे. रिव्हेट दोन्ही अंगांना झालेत. फक्त मी अजून पास झालेलो नाही.