जीपीटीभाऊ

आंबागडात पूर्वी कोणाचं काही अडलं की माणूस गुरुजींकडे जायचा. आता जीपीटीभाऊंकडे जातो. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये, पण भाऊंचं बोलणं ऐकलं तर वाटावं, ते यांच्याच ओसरीत जन्मलं.

भाऊंचा उपयोग होत नाही असं नाही. धानावर तुडतुडा आला तेव्हा ‘बांधीतलं पाणी काढा, युरिया आवरा, पुढच्या रोवणीत मध्ये पट्टे सोडा,’ असं त्यांनी फोनवरून मराठीत वाचून दाखवलं. सल्ला अगदी बरोबर होता. शेजारचे म्हातारे काकाजी तेच कधीचे सांगत होते, पण काकाजींना चार्जिंग लागत नसल्यानं कोणी मनावर घेतलं नव्हतं.

घोळ होतो तो भाऊंच्या ठामपणानं. आता आमचा किल्ला. देवगडच्या बख्त बुलंद शाहाचा सुभेदार राजा खान पठाण यानं तो १७०० च्या सुमारास बांधला. पुढं तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि कैदी ठेवायच्या कामी आला. भाऊंनी बॅनरसाठी फोनला विचारलं, तर भलताच सरदार, लढाई, लढाईचा वार, सगळं घरपोच. वर चित्र असं की बुरुजावर समुद्राच्या लाटा आदळताहेत.

“काहून गा भाऊ, सातपुड्यात समुद्र?”

“जुना काळ होता,” भाऊ म्हणाले.

बॅनर लागला. पोरं त्याच्यासमोर सेल्फी काढून गेली.

मग पांदण रस्त्याचा अर्ज. मुरूम टाका, एवढंच म्हणायचं होतं. भाऊंनी ‘शाश्वत ग्रामीण दळणवळणाच्या व्यापक परिप्रेक्ष्यात’ चार पानं काढली. कार्यालयाचं उत्तरही त्याच परिप्रेक्ष्यात, तितकंच गुळगुळीत. दोन माणसांचा पत्रव्यवहार चाललाय की एकच यंत्र स्वतःशी बोलतंय, कळेना. मुरूम काही आला नाही. भाऊंनी मात्र ते उत्तर लॅमिनेट करून घेतलं.

धोक्यांची जाणीवही गावाला त्यांनीच दिली. आवाजाची नक्कल करून पैसे उकळतात, हे ते पानटपरीवर रोज बजावतात, आणि ते खरंच आहे. पण परवा त्यांच्या साळ्यानं रोवणीसाठी उसने पैसे मागायला फोन केला, तेव्हा या ज्ञानाचा खरा फायदा झाला. “हा तू नाहीस, एआय आहे,” म्हणून भाऊंनी फोन ठेवला. व्हिडिओ कॉल आला. “तोही बनवता येते.”

तिसऱ्या दिवशी साळा तुमसरहून मोटारसायकलवर स्वतःच आला. दारातच हात पुढं करून म्हणाला, “घ्या भाऊजी, मोजा बोटं. पाचच आहेत.”

भाऊंनी चष्मा लावून दोन्ही हातांची बोटं मोजली.

“नव्या व्हर्जनमध्ये पाचच येतात,” ते म्हणाले.