डुमन्याहून पुण्याला

जबलपूरच्या विजयनगरात आमच्या गल्लीतली एक मुलगी जर्मनीत शिकते. परवा आईला फोनवर सांगत होती, शनिवार-रविवार पोर्तुगालला जाऊन आले, विमानाचं तिकीट वीस युरोंच्या आत मिळालं. फोन ठेवून काकूंनी मला विचारलं, "मग आपल्या जबलपूरहून पुण्याला असं का नाही हो?"

काकूंचा प्रश्न बिनतोड आहे.

युरोपातली स्वस्ताई आकाशातून पडलेली नाही. युरोपीय संघाच्या कुठल्याही सदस्य देशाच्या विमानकंपनीला संघातल्या कुठल्याही दोन शहरांमध्ये उडायची मुभा 1997 साली मिळाली. मग रायनएअर, ईझीजेट या कंपन्यांनी पैसा पैसा मोजला. बॅगेचे पैसे वेगळे, खाण्याचे वेगळे. रायनएअरचं विमान उतरलं की पंचवीस मिनिटांत पुन्हा उडायचं, कारण उभं विमान कमावत नाही.

मला मात्र खरा मोह पडतो तो त्यांच्या विमानतळांचा. हान हा अमेरिकी हवाई दलाने सोडून दिलेला तळ, फ्रँकफर्टपासून जवळजवळ 120 किलोमीटर दूर. रायनएअर 1999 पासून तिथे उतरू लागली. कंपनीला स्वस्त धावपट्टी हवी होती, त्या भागाला माणसं हवी होती. दोघांचं जमलं. आडगावाला विमान परवडतं, ते असं.

आमच्याकडे धावपट्टीही आहे आणि इमारतही. जबलपूरच्या विमानतळाच्या, म्हणजे डुमन्याच्या, नव्या टर्मिनलचं उद्घाटन 10 मार्च 2024 ला झालं. पुण्याचं, कोल्हापूरचंही त्याच दिवशी. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये जबलपूरकरांना 'नो फ्लाइंग डे' पुकारावा लागला, कारण एकेक विमान कमी होत चाललं होतं. पुण्याचं थेट विमान सुरू झालं नि बंद पडलं. विमानसेवेसाठी इथली माणसं जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेली. विमान मागायला कोर्टाची पायरी!

प्रवासी नाहीत, हे कारण मी मानत नाही. उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ इथे, पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय इथे, तोफगाड्यांचा कारखाना 1904 पासून इथे. इथल्या मराठी घरांपैकी कितीतरी घरांतली मुलं पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत. 1870 साली मुंबई आणि कलकत्त्याचे रूळ जुळले ते याच गावात. त्या गावच्या म्हाताऱ्या आईबापांनी पुण्याचं विमान पकडायला पावणेतीनशे किलोमीटरवरचं नागपूर गाठायचं?

आपल्याकडेही 2003 मध्ये कॅप्टन गोपीनाथांनी स्वस्त तिकिटांची एअर डेक्कन काढली, आणि आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस तिचा शुभंकर झाला. मला ती निवड फार आवडली होती. स्वस्त तिकिटाचं मोल त्यालाच कळतं. आजारी वडिलांना बघायला एका रजेत जाऊन येता येतं, बारशाला आजीला आणता येतं. नवी इमारत बांधणाऱ्यांनी तिथून किती विमानं उडणार, याचा करार आधी करायला हवा होता. अजूनही करावा. उतरण्याचं भाडं माफ करा, रिकाम्या खुर्च्यांचा तोटा पहिली काही वर्षं सरकारने उचलावा, पण पुण्याचं विमान पुन्हा सुरू करा.

काकूंची मुलगी दिवाळीत येणार आहे. फ्रँकफर्ट ते मुंबई आठ-साडेआठ तास. मग पुण्यात आजीला भेटून इकडे यायचं. पुणे ते जबलपूर, रेल्वेने, त्याच्या दुप्पट.