कडीवाले

कुठलीही गोष्ट निवडायचं काम माझ्याकडे येऊ द्यायचं नाही, असा आमच्या घरात एक अलिखित नियम आहे. मी आणलेलं कलिंगड आतून पांढरं निघतं, मी थांबवलेल्या रिक्षातला गॅस संपत आलेला असतो, आणि बायको निवडताना तरी मी चुकलो नाही असं मी चारचौघांत म्हणालो की बायको शांतपणे सांगते, की ती निवड तिनं केली होती. तरीही ८३ वर्षांच्या आत्यासाठी वृद्धाश्रम शोधायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, कारण एक चुलतभाऊ न्यू जर्सीत आहे, दुसरा सिडनीत, आणि पुण्यात उरलो मी.

आत्या म्हणजे वडिलांची सर्वांत धाकटी बहीण. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत ३१ वर्षं गणित शिकवलं. गेल्या पावसाळ्यात तुळशीला पाणी घालताना (बाहेर धो धो पाऊस होता, पण तुळस खिडकीच्या आत होती, हे तिनं डॉक्टरांना दोनदा समजावून सांगितलं) ती घसरली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, घरात वॉकर आला. मग ब्यूरोकडून दिवसा एक बाई आणि रात्री एक बाई अशी सोय केली. दिवसाची आली की रात्रीची दांडी मारी, रात्रीची आली की दिवसाचीच्या गावाला कोणीतरी गेलेलं असे, आणि चुकून दोघी टिकल्या त्या आठवड्यात आत्याच कट्ट्याला टेकून त्यांच्यासाठी चहा करत उभी. तीन महिन्यांत नऊ बाया झाल्या. दहावीच्या आधी आत्या म्हणाली, "बाळ्या, मला वृद्धाश्रम बघ."

मी ६१ वर्षांचा आहे. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा मॅनेजरसाहेबांनी मला शाल दिली होती. बाळ्या.

"आमच्याकडे ये की," मी म्हणालो.

"तुमच्या जिन्याला ५४ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. शिवाय तुझी बायको एकाला सांभाळतेय, ते पुरे आहे."

ही बातमी आत्याच्या सोसायटीत फुटली आणि लोक माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले, की मी आत्याला गाठोड्यात बांधून नदीत सोडायला निघालोय. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ मी दिसलो रे दिसलो की 'नटसम्राट'मधले संवाद म्हणत, तेही हात पसरून, दुधाची पिशवी हातात असताना. एकदा आत्यानं त्यांना घरी बोलावून चहा दिला आणि विचारलं, "अप्पासाहेब बेलवलकरांचं चुकलं कुठे?" गृहस्थ नशिबाबद्दल काहीतरी बोलले. आत्या म्हणाली, "नशीब कसलं? हातात काही न ठेवता सगळं वाटून टाकलं. वजाबाकी चुकली. सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर परत मागता येते, असा कायदा आहे. पण नाटक १९७० सालचं आणि कायदा २००७ सालचा. अप्पासाहेबांना ३७ वर्षं थांबता आलं नाही." मग 'हे हल्लीचं फॅड' म्हणणाऱ्या त्यांच्या सौभाग्यवतींकडे वळून तिनं सांगितलं, की नवी पेठेतला 'निवारा' १८६३ सालचा आहे, डेव्हिड ससूनच्या देणगीतून उभा राहिलेला, आणि ते ससून स्वतः लाल देवळाच्या आवारात विसावलेत, वाटल्यास जाऊन विचारून या.

त्या कायद्यानं माझीही झोप उडवली होती. बँकेतल्या सवयीनं मी तो बारीक टायपासकट वाचला, तर त्यात मीच निघालो. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्याला वारसानं मिळणार, त्या नातेवाइकालाही त्याचा निर्वाह करावा लागतो. न्यायाधिकरण महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत पोटगी लावू शकतं. आणि सांभाळायची जबाबदारी असताना कोणी ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी हे घाबरत घाबरत आत्याला वाचून दाखवलं. तिनं चष्मा पुसला. "पाच हजार? अरे, आश्रमाच्या एका महिन्याच्या बिलात तू मला पाच-सहा वेळा सोडू शकशील."

पहिली फेरी मी एकट्यानं करायची आणि गाळ बाजूला काढायचा, असं ठरलं. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. ४२ रकाने. डिपॉझिट परत मिळणारं की न मिळणारं, एकटी खोली की दोघींत एक, डायपर आणि औषधं बिलात की वेगळी, फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून किती वेळा, देऊळ किती अंतरावर, बागेत मोर येतो का. (मोराचा रकाना एका माहितीपत्रकामुळे आला.) दोन आठवडे मी हिंडलो, अकरा ठिकाणी चहा प्यायलो, आणि रंग भरलेला तक्ता आत्यासमोर ठेवला. पहिला नंबर डोंगराच्या कुशीतल्या एका आश्रमाचा. आत्यानं तांबडं पेन काढलं.

"रात्री किती माणसं असतात?"

४२ रकान्यांत हा रकाना नव्हता.

म्हणून दुसऱ्या फेरीला ती स्वतः आली. डोंगरातल्या आश्रमात मोर होता, अगदी पायरीवर बसलेला. व्यवस्थापकांनी हवेचं कौतुक केलं, शांततेचं केलं. आत्यानं तोच प्रश्न विचारला. ते हसून म्हणाले, "रात्री काय, सगळे झोपलेलेच असतात." आणि जवळचं हॉस्पिटल? "चाळीस मिनिटं. ट्रॅफिक नसला तर." आत्या परत रिक्षात जाऊन बसली. मोर मात्र आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला.

दुसरं ठिकाण म्हणजे एक टुमदार बंगला. तिथं फक्त हिंडते-फिरते ज्येष्ठ घेतात आणि अंथरुणाला खिळलं की घरी न्यावं लागतं, हे फॉर्मच्या मागच्या पानावर होतं. मी पुढचंच पान वाचलेलं. ती जागा मुळातच आत्यासाठी नव्हती. पण त्याचा निकाल लागायच्याही आधी उंबऱ्यापाशी टाकलेलं पायपुसणं माझ्या पायाखालून सरकलं, मी वाऱ्यावर हात मारत तीन पावलं धावलो आणि संचालिकाबाईंच्या टेबलावर, त्यांच्या पेनस्टँडला मिठी मारून थांबलो. आत्या मागून वॉकर टेकत, पायपुसणं चुकवून, सावकाश आत आली. बाईंनी आम्हा दोघांकडे बघितलं आणि तिला हळूच म्हणाल्या, "माफ करा ताई, पण यांना नाही घेता येणार आम्हाला."

तिसऱ्या ठिकाणी आत्या न कळवता, बरोबर साडेअकराला, जेवणाच्या वेळी गेली. कुपनाचे ऐंशी रुपये मोजून तिनं ताट मागवलं: गवार, आमटी, भात, दोन फुलके. मी चव घेतली आणि गवारीला सहा गुण दिले. आत्या ताटाकडे बघतच नव्हती. ती कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघत होती. तिथं मान एका बाजूला कललेल्या एका आजींना एक मावशी आमटी-भात भरवत होत्या. चमचा वर जायचा, तोंडाशी थांबायचा. आजी चघळायच्या, मग गळ्यावरची शीर हलायची, घोट उतरायचा, आणि तेव्हाच दुसरा चमचा. मधूनच मावशी "आज साखरेचं नाही बरं का, गूळ घातलाय" असं काहीबाही सांगत होत्या. त्यांचं स्वतःचं ताट शेजारी झाकून ठेवलेलं होतं. आत्या पंधरा मिनिटं बघत राहिली. तिची आमटी थंड झाली, तिनं ती मला दिली.

"जा, संडास बघून ये," ती म्हणाली. "आधाराचा दांडा हलतो का, फरशी ओली आहे का, कडी कशी आहे. नीट बघ."

मी नीट बघायला गेलो. दांडा धरून लोंबकळलो, पक्का होता. फरशीवर बूट घासून बघितले. मग कडी. जुनी पितळी कडी, ती सरकवल्याशिवाय कशी आहे हे कसं कळणार, म्हणून मी दार लावलं आणि कडी सरकवली. छान सरकली. उघडायला गेलो तर ओढायची मूठ माझ्या हातात आली आणि कडी दारातच राहिली.

पहिल्या मिनिटाला मी नखानं प्रयत्न केला. दुसऱ्या मिनिटाला घरच्या किल्लीनं; तिचं टोक वाकलं आणि आता घरीही जाता येणार नव्हतं. मोबाइल आत्याजवळ होता, कारण खिशातून पडून आत जाईल म्हणून मीच तिला देऊन ठेवलेला. मग कमोडशेजारी लोंबणारी लाल दोरी दिसली. ओढली. लांब कुठेतरी मंजुळ घंटी वाजली. कोणी आलं नाही. पुन्हा ओढली. पुन्हा मंजुळ. मग मी अशी ओढत राहिलो, की देवळात काकड आरती चाललीय असं वाटावं, आणि खरोखरच बाहेरून कोणीतरी म्हणालं, "आरती कुठे चाललीय हो?"

शेवटी एक मामा धावत आले. "आजोबा, घाबरू नका! दारापासून लांब व्हा!" दार आत उघडणारं होतं आणि मी नेमका दाराला टेकून उभा होतो. मी लांब झालो, म्हणजे कमोडवर चढलो. दारावर एक लाथ, बिजागरीचा आवाज, आणि मामांसमोर मी कमोडवर उभा, एका हातात पितळी मूठ, दुसऱ्या हातात लाल दोरी.

"बारा सात ते बारा अठरा," आत्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाली. "अकरा मिनिटं."

"मग आली का नाहीस?"

"मला वाटलं तुझं नेहमीचं पोट."

घंटी वाजत होती ती ऑफिसात, आणि ऑफिसातला माणूस जेवायला गेला होता. आत्यानं हे व्यवस्थापकांना ठणकावून सांगितलं, वर हेही, की हा पडला असता तर याच्याच पोटानं दार अडलं असतं, संडासाचं दार बाहेरच उघडलं पाहिजे. व्यवस्थापकांनी सगळं वहीत लिहून घेतलं. मला खात्री पटली, की हे ठिकाण बाद. घरी येऊन मी त्या ओळीत तांबडा रंग भरला.

चौथ्या दिवशी आत्याचा फोन आला. तिनं तिथं फोन केला होता, आणि मागून करवतीचा आवाज येत होता. सुतार लागला होता. चौदा कड्या बदलून झाल्या होत्या, दारं बाहेर उघडायची करायला घेतली होती, आणि घंटीला कॉरिडॉरमध्ये दुसरा कर्णा बसवला होता. "इतर दोन ठिकाणी फोन केला, तर 'नोंद घेतली आहे' म्हणाले," ती म्हणाली. "इथं लाकूड कापतायत. चल, बघून येऊ."

बघून येऊ, म्हणजे बघायचं मी. त्याच संडासात, तीच दोरी, आतून नवी कडी. मी आत गेलो, बाहेर आत्या, व्यवस्थापक, मामा, सुतार आणि चार-पाच आजी-आजोबा खुर्च्या टाकून बसले. मी दोरी ओढली. दोन मिनिटांच्या आत मामांनी बाहेरून कडीच्या खाचेत एक रुपयाचं नाणं घालून फिरवलं आणि दार बाहेर उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या टाळ्या मला निरोप समारंभालाही मिळाल्या नव्हत्या.

आत्या जाऊन आता सात महिने झाले, म्हणजे तिथं जाऊन. (हे वाक्य मी फोनवर न्यू जर्सीला असंच बोललो होतो, आणि चुलतभावानं तिकीट काढलं होतं.) रात्री दोन-अडीचला ती अधूनमधून दोरी ओढते आणि वेळ वहीत टिपते. कालचं उत्तर साडेतीन मिनिटं, त्यावर तिचा शेरा: 'सुधारणेस वाव'. मावशी मला म्हणाल्या, "बाईंनी कधी बेल मारायची ते सांगून ठेवलं तर बरं होईल." मी म्हटलं, तिनं मलाही वार्षिक परीक्षेची तारीख कधी सांगितली नव्हती.

रविवारी चार ते सहा भेटायची वेळ असते. फाटकावरचा वॉचमन आता मला नाव विचारत नाही. मी येताना दिसलो की रजिस्टर स्वतःच पुढे ओढतो आणि 'कोण आले' या रकान्यात 'कडीवाले आजोबा' असं लिहून टाकतो. मी खाली सही करतो.